डोपामाइन जास्त असूनही कार्यकारी स्मृती दुबळी का? छिन्नमनस्कतेबद्दल एक प्रश्न

वाटसरू यांचा प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, आहे. औषधे सुरू झाल्यावर त्याला ऐकू येणारे आवाज थांबले आणि कोणीतरी आपल्या मागावर आहे ही भीतीही गेली. एक गोष्ट मात्र जशीच्या तशी राहिली आहे. त्याला एका वेळी दोन कामे सांगितली, की पहिले नीट होते आणि दुसरे वाटेतच गळून पडते. गणितात तो हुशार होता. आता तोंडी बेरीज करताना हातचा ध्यानात धरेपर्यंत मूळ आकडे निसटतात. जुन्या आठवणी मात्र शाबूत आहेत, शाळेतल्या गोष्टी तो तपशीलवार सांगतो. घरातले काही जण याला आळस म्हणतात, तर काही जण औषधाची गुंगी म्हणतात. मला दोन्ही पटत नाही, कारण आवाज ऐकू येऊ लागण्याच्या बऱ्याच आधीपासून त्याचे अभ्यासातले लक्ष असेच विस्कटत चालले होते.

मी वाचले, की या आजारात मेंदूतले डोपामाइन (चेतापेशींमध्ये निरोप नेणारे एक रसायन) वाढलेले असते आणि औषधे त्याचा परिणाम रोखतात. दुसरीकडे असेही वाचले, की एखादी गोष्ट काही क्षण मनात धरून ठेवण्यासाठी, म्हणजे कार्यकारी स्मृतीसाठी, डोपामाइन लागतेच. मग डोपामाइन जास्त असलेल्या मेंदूत हीच स्मृती दुबळी कशी? आणि डोपामाइन रोखणारे औषध ती आणखी दुबळी तर करत नाही ना? जाणकारांनी सविस्तर सांगावे, थोडे अवघड असले तरी चालेल.

चेतातंतू यांचे उत्तर

आपल्याला जो विरोधाभास जाणवतो आहे, तो संशोधकांनाही अनेक वर्षे जाणवत होता. मेंदूतले डोपामाइन म्हणजे एकच साठा आहे आणि तो आजारात वाढतो, असे मानले तर त्यातून सुटका नाही. प्रत्यक्षात डोपामाइन तयार करणाऱ्या चेतापेशी मध्यमेंदूत असतात, संख्येने त्या अवघ्या काही लाख, पण त्यांचे तंतू वेगवेगळ्या प्रदेशांत जातात आणि प्रत्येक प्रदेशातला कारभार निराळा असतो. आपल्या प्रश्नासाठी दोन प्रदेश महत्त्वाचे आहेत. एक मेंदूच्या खोल भागातला स्ट्रायटम, जिथे डोपामाइन विपुल असते आणि डी-२ ग्राही (ग्राही म्हणजे डोपामाइनचा निरोप पकडणारी, पेशीवरची प्रथिने) भरपूर असतात. दुसरा कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जिथे डोपामाइन तुलनेने फार थोडे असते आणि डी-२ पेक्षा डी-१ ग्राहींचे प्राबल्य असते. एका प्रदेशात अतिरेक आणि दुसऱ्यात तुटवडा, हे एकाच मेंदूत एकाच वेळी घडू शकते.

आता कार्यकारी स्मृती चेतापेशींच्या पातळीवर कशी दिसते ते पाहू. १९७१ साली फुस्टर आणि अलेक्झांडर यांनी, तसेच त्याच वर्षी जपानमध्ये कुबोटा आणि निकी यांनी, माकडांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये अशा पेशी नोंदवल्या ज्या खूण दिसेनाशी झाल्यानंतरही, उत्तर देण्याची वेळ येईपर्यंत, स्पंदत, म्हणजे विद्युत संकेत देत, राहतात. पुढे पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाला अतिशय काटेकोर रूप दिले. माकड पडद्याच्या मध्यावरच्या बिंदूवर नजर रोखून बसते. भोवतालच्या आठ जागांपैकी एका जागी एक छोटा चौकोन क्षणभर चमकतो आणि नाहीसा होतो. पुढचे काही सेकंद पडद्यावर मधल्या बिंदूशिवाय काहीच नसते आणि नजर हलवण्याची मुभाही नसते. मग तो बिंदू विझतो आणि माकडाला चौकोन जिथे दिसला होता तिकडे नजर न्यावी लागते. त्या रिकाम्या सेकंदांत उजवीकडच्या जागेसाठी एक पेशी, वरच्या जागेसाठी दुसरी, अशा ठराविक पेशी सतत स्पंदत राहतात. एखाद्या वेळी ते स्पंदन मध्येच मावळले, तर माकडाची नजर बहुधा चुकीच्या जागी जाते. बाहेर काहीही नसताना पेशींनी एकमेकींना उत्तेजित ठेवत आतल्या आत जपलेली ही माहिती म्हणजेच कार्यकारी स्मृती. (हे स्पंदन खरोखर अखंड असते की ते तुकड्यातुकड्यांनी उसळते, यावर अलीकडे बराच वाद झाला आहे. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बदलत नाही.)

डोपामाइनचा संबंध १९७९ साली ब्रोझोस्की, ब्राउन, रोझवोल्ड आणि गोल्डमन यांच्या प्रयोगाने स्पष्ट झाला. त्यांनी ऱ्हीसस माकडांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या एका भागातले डोपामाइन रसायनाने जवळजवळ संपवले. पेशी जागच्या जागी होत्या, तरी थोडा वेळ थांबून उत्तर देण्याच्या चाचणीत ती माकडे इतकी मागे पडली, की तो भाग शस्त्रक्रियेने काढून टाकल्यासारखाच परिणाम दिसला. डोपामाइनचा परिणाम भरून काढणारी औषधे दिल्यावर त्यांची कामगिरी सुधारली. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग हाच. त्यानंतर १९९१ मध्ये सावागुची आणि गोल्डमन-राकिक यांनी दाखवले, की त्या जागी केवळ डी-१ ग्राही अडवले तरी नजरेची ही चाचणी बिघडते. नजर हलवण्यात अडचण येत नव्हती. लक्ष्य समोर दिसत असेल तेव्हा माकड अचूक पाहत होते. बिघाड होता तो न दिसणारी जागा धरून ठेवण्यात.

हीच चाचणी माणसांवर आली तेव्हा छिन्नमनस्कतेशी दुवा जुळला. १९९२ साली सोही पार्क आणि फिलिप हॉल्झमन यांनी रुग्णांना असाच विलंबाचा प्रयोग दिला. लक्ष्य दिसत असताना रुग्ण ठीक उत्तर देत होते. मध्ये विलंब आला, की चुका वाढत होत्या. पुढच्या अभ्यासात रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांमध्येही हाच दोष सौम्य रूपात आढळला. हे नातेवाईक कोणतेही औषध घेत नव्हते. आपल्या घरात जे ‘आळस’ आणि ‘गुंगी’ म्हणतात, त्यांना हे अवश्य सांगा.

राहिला प्रश्न रुग्णांच्या मेंदूतल्या डोपामाइनचा. स्ट्रायटममध्ये ते अतिरेकाने सुटते, याचे पुरावे भक्कम आहेत. डोपामाइन सोडायला लावणाऱ्या अँफेटामाइन या उत्तेजक औषधाचा एक डोस देऊन स्पेक्ट आणि पेट या मेंदूच्या स्कॅननी मोजले असता, रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये निरोगी व्यक्तींपेक्षा जास्त डोपामाइन सुटते, हे १९९६ पासून वेगवेगळ्या गटांनी दाखवले आहे. कॉर्टेक्समध्ये उलट चित्र असावे, हा तर्क १९९१ मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी मांडला होता, पण तिथे डोपामाइन इतके थोडे असते की ते मोजणेच कठीण होते. २०१५ साली स्लिफस्टाइन, अबी-दरघम आणि सहकाऱ्यांनी अधिक संवेदनशील रसायन वापरून ते मोजले. निरोगी व्यक्तींच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये अँफेटामाइननंतर डोपामाइन सुटत होते, तर औषधे न घेणाऱ्या रुग्णांमध्ये ते जवळजवळ सुटतच नव्हते. शिवाय ते जितके कमी सुटत होते, तितका कार्यकारी स्मृतीच्या चाचणीत तो भाग कमी जागा होत होता. डी-१ ग्राहींच्या संख्येबद्दलचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत: १९९७ च्या एका अभ्यासात ते कमी आढळले आणि २००२ च्या दुसऱ्या अभ्यासात जास्त. दुसऱ्या गटाने याचा असा अर्थ लावला, की डोपामाइनचा पुरवठा दीर्घकाळ अपुरा पडल्यामुळे पेशींनी ग्राही वाढवले असावेत. मला हा अर्थ सयुक्तिक वाटतो, पण तो सिद्ध झालेला नाही.

औषधशाळा यांचे उत्तर

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे औषधाबद्दल, लिहितो.

भास आणि भ्रम कमी करणारी बहुतेक औषधे डी-२ ग्राही अडवतात. त्यामुळे स्ट्रायटममधला अतिरेक आटोक्यात येतो, पण प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधली तूट भरून निघत नाही. भावाचे आवाज थांबले आणि स्मृती तशीच राहिली, याचे कारण बहुतांशी हेच आहे. औषधामुळे स्मृती गेली, असे म्हणता येत नाही, कारण ज्यांना एकही गोळी दिलेली नाही अशा पहिल्या झटक्यातल्या रुग्णांतही हा दोष दिसतो आणि अनेकांत तो भास सुरू होण्याआधीच दिसू लागतो. आपण स्वतः भावाच्या बाबतीत तेच पाहिले आहे. अमेरिकेतल्या कॅटी या मोठ्या चाचणीत औषध सुरू केल्यानंतर दोन महिन्यांनी सर्वच गटांच्या बौद्धिक चाचण्यांत किंचित सुधारणा दिसली आणि जुन्या-नव्या औषधांत फरक आढळला नाही. सुधारणा किंचित होती, हे महत्त्वाचे. पण घसरण नव्हती, हेही तितकेच महत्त्वाचे.

तरीही औषध पूर्णपणे निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माकडांना डी-२ अडवणारे हॅलोपेरिडॉल हे जुने औषध दीर्घकाळ दिल्यावर त्यांची कार्यकारी स्मृती खालावली, आणि डी-१ ग्राहींना चालना देणारे रसायन थोडे दिवस दिल्यावर ती पुन्हा सुधारली. रुग्णांच्या बाबतीत माप महत्त्वाचे ठरते. स्ट्रायटममधले साधारण ६५ टक्के डी-२ ग्राही व्यापले गेले, की लक्षणे कमी होऊ लागतात. हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेले, की हातापायांचा ताठरपणा, कंप आणि हालचालींतला मंदपणा वाढतो, आणि त्यासोबत विचारांतला जडपणाही जाणवतो. म्हणून लक्षणे आटोक्यात ठेवणारा कमीत कमी डोस शोधत राहणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

एका गोष्टीकडे मात्र विशेष लक्ष द्या, कारण ती वारंवार निसटते. कंप आणि ताठरपणा येऊ नये म्हणून अनेक रुग्णांना ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी सोबत दिली जाते. ती अॅसिटिलकोलिन या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्या रसायनाचे काम अडवते, आणि अॅसिटिलकोलिनशिवाय लक्ष आणि स्मृती नीट चालत नाही. स्मृतीच्या तक्रारीचा दोष मुख्य औषधावर येतो आणि खरा वाटा या गोळीचा असतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. मात्र कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका. डी-२ अडवणारे औषध अचानक थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका फार मोठा आहे, आणि प्रत्येक वेळी आजार उलटल्यानंतर पूर्वपदावर येणे अधिक अवघड होऊ शकते.

वाटसरू

दोघांचेही मनापासून आभार. ‘तूट’ हा शब्द वाचल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न मनात येतो. प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधले डोपामाइन वाढवणारे काही देता येत नाही का? आणि डोपामाइनशी संबंधित जनुकाची तपासणी करून घ्यावी, असे एका ठिकाणी सुचवलेले वाचले, त्याचा उपयोग आहे का? भावाला ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू आहे. ती गोळी कशासाठी आहे, हे आज प्रथमच समजले.

चेतातंतू यांचे उत्तर

वाढवता येते, पण किती वाढवायचे हाच खरा पेच आहे. प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये डोपामाइन फार कमी असले तर स्मृती ढासळते आणि फार जास्त झाले तरीही ढासळते. आलेखावर उलट्या यू अक्षराची वक्ररेषा दिसते. १९९५ मध्ये विल्यम्स आणि गोल्डमन-राकिक यांनी डी-१ ग्राही अगदी थोडे अडवले तेव्हा विलंबातले स्पंदन उलट अधिक ठळक झाले, आणि जास्त अडवले तेव्हा ते विझले. एमी आर्नस्टन यांच्या गटाने २००७ साली याची दुसरी बाजू दाखवली. डी-१ ला हलकी चालना दिली, की पेशी नको त्या दिशांच्या खुणांना प्रतिसाद देणे कमी करते, म्हणजे गोंगाट घटतो आणि हवी ती दिशा उठून दिसते. चालना वाढवली, की हवी ती दिशाही दबते. तीव्र ताणाखाली निरोगी माणसालाही साधा हिशेब सुचेनासा होतो, त्यामागेही हेच आहे. ताणात प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये डोपामाइन आणि नॉरअॅड्रेनालिन इतके सुटते, की ते स्पंदन काही काळ बंदच पडते. भावाला घाईत किंवा चढ्या आवाजात सांगितलेले काम अधिक लवकर निसटत असेल, तर त्याचे कारण मुद्दाम केलेल्या दुर्लक्षात शोधू नका.

अँफेटामाइनसारखी औषधे डोपामाइन वाढवतात, पण ती कॉर्टेक्सपुरती थांबत नाहीत. स्ट्रायटममध्येही ती तेच करतात आणि भास पुन्हा उफाळू शकतात. केवळ डी-१ ला चालना देणारी औषधे हा तर्काने योग्य मार्ग आहे, पण त्यांतली जुनी रसायने शरीरात फार थोडा वेळ टिकत आणि रक्तदाब खाली आणत. त्या मार्गावर काम सुरू आहे, रोजच्या उपचारात मात्र असे औषध आलेले नाही.

जनुकाबद्दल. आपण बहुधा कॉम्ट नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाबद्दल वाचले असावे. हे विकर डोपामाइनचे विघटन करते. स्ट्रायटममध्ये सुटलेले डोपामाइन वाहक प्रथिने चटकन परत उचलून नेतात. प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये ही प्रथिने विरळ असल्याने तिथे कॉम्टवर जास्त भिस्त असते. या विकराचे एक रूप वेगाने काम करते आणि दुसरे संथपणे. २००१ साली वाइनबर्गर यांच्या गटाने दाखवले, की संथ रूप असणाऱ्यांची प्रीफ्रंटल कामगिरी सरासरीने थोडी बरी असते. कल्पना सुंदर होती आणि तिने पुढच्या संशोधनाला दिशाही दिली. पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा परिणाम फारच क्षीण निघाला. एका व्यक्तीच्या उपचाराचा निर्णय त्यावर घेता येत नाही, त्यामुळे या तपासणीवर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक प्रयोग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००६ साली एरिक कँडेल यांच्या प्रयोगशाळेत असे उंदीर तयार केले, ज्यांच्या फक्त स्ट्रायटममध्ये डी-२ ग्राही जास्त होते. बिघाड खोल भागात, पण कार्यकारी स्मृती ढासळली आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधल्या डोपामाइनचा कारभारही बदलला. मोठे झाल्यावर ते जास्तीचे ग्राही बंद केले, तरी स्मृतीतला दोष गेला नाही. वाढीच्या काळातला अतिरेक कॉर्टेक्सवर कायमची छाप सोडत असेल, तर प्रौढपणी डी-२ अडवून स्मृती का परतत नाही, हे समजू लागते.

मनोयोग यांचे उत्तर

वरची उत्तरे मोलाची आहेत, पण सारा भार डोपामाइनवर टाकला जातो आहे, म्हणून लिहिते. मी चिकित्सक मानसशास्त्रज्ञ आहे आणि रुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करते.

पेशी एकमेकींना उत्तेजित ठेवतात असे चेतातंतू यांनी लिहिले आहे. ते उत्तेजन ग्लुटामेट या चेतापेशींना जागे करणाऱ्या रसायनाचे असते आणि त्यात त्याच्या एनएमडीए नावाच्या ग्राहींचा वाटा मोठा असतो. हे ग्राही अडवणारे केटामाइन निरोगी स्वयंसेवकांना दिल्यावर त्यांच्यात काही काळ छिन्नमनस्कतेसारखी लक्षणे आणि स्मृतीतला गोंधळ दिसतो, हे १९९४ मध्येच नोंदवले गेले आहे. रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत गाबा हे पेशींना शांत करणारे रसायन बनवणारे विकरही प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये कमी आढळते. गाबा वापरणाऱ्या पेशी स्पंदनाला लय आणि आवर घालतात. डोपामाइन या जाळ्याची धार कमी-जास्त करते. जाळेच सैल असेल, तर केवळ डोपामाइन योग्य मापात आणून ते घट्ट होणार नाही. म्हणूनच एका रसायनाचा तुटवडा भरून काढण्याच्या आशेवर कुटुंबाने थांबून राहू नये, असे मला कळकळीने वाटते.

करता येण्यासारखे बरेच आहे. बौद्धिक पुनर्वसनाचे प्रशिक्षण मिळत असेल तर अवश्य घ्या. त्याचा परिणाम मध्यम आहे, पण खरा आहे, आणि ते काम शिकण्याच्या किंवा नोकरीच्या मदतीसोबत दिले तर तो रोजच्या व्यवहारात अधिक उतरतो. नियमित, दम लागेल असा व्यायामही उपयोगी पडतो. घरात सूचना एका वेळी एकच द्या. दुसरी द्यायची असेल, तर पहिली पूर्ण झाल्यावर द्या, किंवा दोन्ही लिहून त्याच्या नजरेसमोर ठेवा. बेरीज करताना हातचा कागदावर मांडू द्या आणि त्याला पळवाट समजू नका. जे मनात धरता येत नाही ते डोळ्यांसमोर असले, की त्याची जुनी गणिती समज पुन्हा कामी येते, कारण ती समज हरवलेली नाही.

औषधशाळा यांचे उत्तर

ट्रायहेक्सिफेनिडिलबद्दल आपण लिहिले आहे म्हणून थोडक्यात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ही गोळी कोणत्या लक्षणासाठी सुरू केली होती, ते लक्षण आज आहे का, आणि मुख्य औषधाचा डोस तेव्हापासून बदलला आहे का. कंप किंवा ताठरपणा बराच काळ नसेल, तर ही गोळी अनेकदा काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करता येते. त्या काळात भावाच्या चालण्याकडे, चालताना हात हलतात का याकडे आणि एका जागी बसताना होणाऱ्या बेचैनीकडे लक्ष ठेवा आणि तारखेनिशी लिहून ठेवा. ते टिपण डॉक्टरांच्या हातात असले, तर गोळी आणखी कमी करायची की पूर्वीच्या मात्रेवर न्यायची, हे त्यांना नेमके ठरवता येईल.